शिंपी कोणाचा?

प्रश्न: ताई, आम्ही सहा-सात जण दर महिन्याला एकमेकांना कथा वाचून दाखवतो. परवा माझी कथा ऐकून एक मैत्रीण गप्पच झाली. नंतर म्हणाली, "पाठवलेलं पत्र परत मागायला जाणारी ही बाई माझी आहे. वर्षापूर्वी मीच ती वाचून दाखवली होती." मला शपथेवर काही आठवत नाही. ही चोरी झाली का? आता दुसऱ्यांचं वाचणं-ऐकणं बंद करू का?
– एक वाचक

उत्तर: आधी मैत्रिणीला फोन करा आणि तिची बाई तिला देऊन टाका. मग पुढचं वाचा.

तुम्हाला आठवत नाही यावर माझा विश्वास आहे, कारण मीही यातून गेले आहे. माझ्या एका कथेत म्हातारा, निवृत्त शिंपी होता. समोर कोणी आलं की त्याचा हात आपसूक गळ्याकडे जायचा, तिथे नसलेली टेप ओढायला. कथा छापून आल्यावर एका जुन्या मित्राचं दोन ओळींचं पत्र आलं : 'शिंपी खुशाल दिसतोय. त्याला माझा नमस्कार सांग.' मी चिडले. तो हात कधी सुचला, तेव्हा हातातलं पेन कोणतं होतं, इथपर्यंत मला लख्ख आठवत होतं! शेवटी जुनी वही काढली. मित्राच्या खर्ड्यातला शिंपी नुसत्या नजरेनं लोकांची मापं घ्यायचा. मीच त्याला म्हटलं होतं, 'नजर काढ, हात गळ्याकडे ने.' म्हणजे हात माझा होता आणि शिंपी त्याचा. हाताला धरून अख्खा माणूस माझ्याकडे राहायला आला.

मेंदूत गोष्ट टिकते, तिचा पत्ता लवकर पुसला जातो. मग ती आठवताना आपण पत्त्याचा अंदाज बांधतो. चित्र स्वच्छ आहे, त्यावर डोकं खपवल्याची खूण आहे, म्हणजे माझंच असणार. लुइझा-जेन स्टार्क आणि टिमथी परफेक्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये नेमकं हेच दाखवलं. रोजच्या वस्तूंचे नवे उपयोग लोकांनी मिळून सुचवले. नंतर काहींनी त्यातल्या काही कल्पना नुसत्या डोळ्यांपुढे आणल्या, काहींनी त्या सुधारल्या. पुढे 'तुम्ही स्वतः काय सुचवलं होतं?' असं विचारल्यावर, सुधारायला घेतलेल्या परक्या कल्पना लोकांनी कितीतरी जास्त वेळा आपल्या म्हणून सांगितल्या. तुमच्या मंडळात एकमेकांना सूचना देता ना? मैत्रिणीच्या त्या बाईबद्दल तुम्ही काही सुचवलं होतं का, तिलाच विचारा.

लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेली लेखिका हेलन केलर अकरा वर्षांची असताना तिनं लिहिलेली एक परीकथा मार्गारेट कॅन्बी यांच्या आधीच छापलेल्या कथेशी फारच जुळली. ती कथा तिला काही वर्षांपूर्वी तळहातावर बोटांनी 'वाचून' दाखवली होती, आणि तिला ते आठवत नव्हतं. शाळेत त्या पोरीची चौकशी बसली. पुढे 1903 मध्ये आत्मचरित्रात तिनं लिहिलं की वाचलेलं आणि आपलं यातला फरक तिला नेहमी कळत नाही. त्यानंतर तिनं कल्पित कथा फारशा लिहिल्या नाहीत, याची मला आजही हळहळ वाटते.

चोरीचं म्हणाल तर तुमची नियत साफ आहे, पण वस्तू तिची आहे. 1976 मध्ये 'बीटल्स' या बँडमधले गायक जॉर्ज हॅरिसन यांच्या एका गाण्याच्या खटल्यात अमेरिकेतल्या न्यायाधीशांनीही हेच धरलं : चाल नकळत उचलली असली तरी ती उचललीच.

वाचणं मात्र बंद करू नका. दहा ठिकाणचं विरघळून एक झालं तर त्याचे पत्ते विसरलेलेच बरे, त्यातूनच नवं काही उठतं. एकाच ठिकाणचा ढेकूळ न विरघळता वर येतो तेव्हा घोळ होतो. फारच सहज, जवळजवळ बेतून-शिवून सुचलं, की मी आता थांबते आणि स्वतःला विचारते, 'हे कोणाकडून?' नुसतं विचारल्यानंही बरंच सापडतं. शिवाय वहीत समासात नावं लिहिते, ऐकल्या दिवशीच. आठवड्यानं लिहायचं म्हटलं तर मी तिथे माझंच नाव लिहीन.

शिंप्याची कथा संग्रहात घेताना खाली मित्राचं ऋण नोंदवलं. त्याचीही कथा नंतर पूर्ण झाली. तीत आता नजर नाही, गळ्याकडे जाणारा हात आहे. तो म्हणतो, हात त्यालाच सुचला.