बेल्जियममध्ये लुव्हेनच्या नावाची दोन कॅथलिक विद्यापीठं कशी?

दोन्ही मुळात एकच. पोप मार्टिन पाचवे यांच्या परवानगीने १४२५ मध्ये लुव्हेनला हे विद्यापीठ सुरू झालं. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियस आणि नकाशाकार मर्केटर इथेच शिकले. १७९७ मध्ये फ्रेंच राजवटीने ते बंद केलं. १८३४ मध्ये बेल्जियमच्या बिशपांनी मेखेलेनला नवं कॅथलिक विद्यापीठ काढलं आणि वर्षभरात ते लुव्हेनला आणलं.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने ग्रंथालय जाळलं. जुनी हस्तलिखितं गेली ती गेलीच. अमेरिकेतल्या देणग्यांतून नवी इमारत उभी राहिली, पण १९४० मध्ये तीही पुस्तकांसकट जळाली. हे वाचताना आजही जीव तुटतो.

फूट पडली ती भाषेवरून. लुव्हेन डच भाषक भागात, पण विद्यापीठात फ्रेंचचा वरचष्मा. पुढे दोन्ही भाषांत शिकवू लागले, तरी धुसफूस संपेना. १९६८ मध्ये फ्रेंच विभाग हलवा म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सरकारही पडलं. शेवटी विद्यापीठाचे दोन तुकडे झाले, ग्रंथालयाचीही वाटणी झाली. सम क्रमांकांची पुस्तकं एका गावात, विषम क्रमांकांची दुसऱ्या गावात. माझ्या मते यातली सर्वात वाईट गोष्ट हीच.

डच विद्यापीठ लुव्हेनलाच राहिलं. फ्रेंच विद्यापीठासाठी साधारण २५ किलोमीटरवर शेतजमिनीत लुव्हँ-ला-न्यूव्ह हे नवं शहरच वसवलं. १९७२ पासून तिथे वर्ग भरू लागले. मध्यवर्ती भागात रस्ते चालणाऱ्यांसाठी, गाड्या जमिनीखाली. विश्वाच्या प्रसरणावर मूलभूत काम करणारे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र मात्र फुटीआधीच्या, एकसंध विद्यापीठाचे प्राध्यापक.