पाळणाघरात फीची सवलत: कुणाला, किती आणि कुणाच्या पैशातून?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये तुमचं २५ मुलांचं पाळणाघर आहे. दर महिन्याला कुणी ना कुणी पालक फी कमी करायला सांगतात, एकाला दिली की चौघांना कळतं, आणि नाही म्हटलं की तुम्हालाच रात्री झोप लागत नाही. म्हणून गरजू पालकांसाठी सवलतीचे काहीतरी नियम करायचेत. मी पुण्यात बरीच वर्षं पाळणाघर चालवतेय, त्यामुळे या विषयावर मनापासून आणि थोडं सविस्तर लिहिते.

सवलत कुणाला द्यायची हा प्रश्न दुसरा. किती रुपये द्यायचे आणि ते कुणाच्या खिशातून जाणार, हे आधी ठरवा. आपल्या धंद्यात यंत्रं नाहीत, माल नाही. मोठा खर्च माणसांचा. हिशेब न करता दिलेली सवलत फिरून मावशींच्याच पगारातून निघते. कुणी तसं ठरवत नाही, पण होतं तसंच. दिवाळीचा बोनस यंदा अर्धा, पगारवाढ जूनऐवजी पुढच्या जूनला, एक मावशी सोडून गेली तर तिच्या जागी "बघू जरा" म्हणत दोन महिने कुणीच नाही. मग उरलेल्या दोघींकडे दहा-बारा रांगती मुलं येतात. दुपारी एकाला भरवताना दुसऱ्याचा ओला लंगोट तसाच राहतो आणि तिसरं रडून रडून थकून झोपतं. म्हणजे सवलतीचे पैसे शेवटी त्या बाळांनी भरले. ज्या बाळासाठी सवलत दिली, तेही त्यातच आलं.

म्हणून आधी एक कागद घ्या. समजा तुमची फी महिना ६,००० आहे, म्हणजे २५ मुलांचे १,५०,००० जमा. भाडं ३०,०००, तीन मावशींचे प्रत्येकी १५,००० प्रमाणे ४५,०००, ताईंचे १८,०००, दूध-नाश्ता-जेवण १५,०००, लाइट-गॅस-साबण-दुरुस्ती ८,०००. यात स्वतःचा पगार धरायचाच, समजा २५,०००. बऱ्याच जणी स्वतःला शून्यावर ठेवतात आणि "उरेल ते माझं" म्हणतात. तसं केलंत तर कुठलंही धोरण टिकणार नाही. एकूण खर्च १,४१,०००, शिल्लक ९,०००. मे महिन्यात निम्मी मुलं गावाला जातात आणि तेव्हा खड्डा पडतो, त्यासाठी ३,००० बाजूला काढले की उरतात ६,०००. तुमची सवलतीची थैली तेवढीच. त्यात एक पूर्ण माफी बसते, किंवा दोन अर्ध्या, किंवा तिघांना एक-तृतीयांश. आकडे तुमचे घाला, पण थैली किती मोठी आहे ते एप्रिलमध्ये ठरवा आणि वर्षभर तिच्यापलीकडे जाऊ नका. थैली रिकामी झाल्यावर कुणी आलं तर नाव यादीत लिहून ठेवायचं.

रिकाम्या जागेचा मोहही इथेच सांगते. २५ ची सोय आहे आणि मुलं २२ आहेत, तेव्हा अर्ध्या फीवर एक मूल घेतलं तर वाटतं, फायदाच आहे: खाण्यापिण्याचे ६०० रुपये जास्त जातात आणि ३,००० येतात. हिशेब बरोबर आहे, पण जूनपर्यंतच. जूनमध्ये पूर्ण फीची मुलं दाराशी येतात. तोवर ते मूल मावशीच्या कडेवर रुळलेलं असतं, आणि त्याला तुम्ही काढू शकत नाही, काढूही नये. म्हणून रिकाम्या जागेवर दिलेली सवलतही पहिल्या दिवसापासून थैलीतूनच धरा.

आता पालकांकडे वळू. फी कमी करा असं म्हणणाऱ्या अनेकांची अडचण रकमेची नसते, तारखेची असते. आमच्याकडे एक आई होती, चार घरी स्वयंपाकाची कामं करायची. "ताई, परवडत नाही, काहीतरी कमी करा," म्हणून आली. मी तिला विचारलं, पैसे हातात कधी कधी येतात? तिने बोटांवर मोजून सांगितलं: एका घरी पाच तारखेला, एका घरी सात-आठला, आजी-आजोबा आहेत तिथे पेन्शन आली की, आणि चौथ्या घरी दोनदा आठवण केल्यावर. आमची फी पाच तारखेला, त्यानंतर रोज ५० रुपये दंड. म्हणजे दर महिन्याला ती दंडाचेच दोन-तीनशे भरत होती आणि तेच तिला सलत होतं. तिची तारीख १२ केली, महिन्यातून दोन हप्ते ठरवले आणि सवलतीचा विषयच संपला. थैलीतला एक रुपया खर्च झाला नाही. तुमच्या नियमांत पहिली ओळ हीच असू द्या: पालक पगाराप्रमाणे तारीख निवडू शकतात, दोन हप्ते चालतील, आणि आधी सांगितलं असेल तर दंड नाही. मे महिन्याचंही तसंच. कामाच्या घरचे लोक सुट्टीवर गेले की घरकाम करणाऱ्या बायकांचा पगार कापला जातो, आणि त्याच महिन्यात आपण मूल गावाला असतानाही पूर्ण फी मागतो. जागा धरून ठेवायची म्हणून अर्धी फी घ्यावी, पण ती सगळ्यांना सारखीच लावावी.

तारखेने भागत नाही अशी कुटुंबं उरतात, त्यांच्यात दोन प्रकार असतात आणि दोघांना एकच नियम लावू नये. पहिल्या प्रकारात मिळकतच कमी असते: एकट्या आया, घरकाम करणाऱ्या, वॉचमन, डिलिव्हरीवाले. त्यांना वर्षभराची सवलत द्या, एप्रिलमध्ये पुन्हा बघा. दुसऱ्या प्रकारात अचानक घसरण झालेली असते: नोकरी गेली, अपघात झाला, घरात मोठं आजारपण आलं. काल-परवापर्यंत गाडीतून मूल सोडणारा बाप मागायला येत नाही, तो सरळ मूल काढून घेतो आणि कारण सांगतो "आता आजी सांभाळणार." नोकरी शोधायला त्याला हात मोकळे हवे असतात, नेमकं तेव्हाच मूल घरी येतं. अशांसाठी तीन महिन्यांची तात्पुरती सवलत ठेवा, आणि ती आहे हे प्रवेशाच्या फॉर्मवरच छापा, म्हणजे कुणाला तोंड उघडून विचारायला लागत नाही. तीन महिन्यांनी एकदा बोलायचं, गरज असेल तर आणखी तीन, आणि तिथे थांबायचं.

कागदपत्रांबाबत माझं मत ठाम आहे: कमी मागा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला असेल तर उत्तम, पण तो काढायला सेतू केंद्रात दोन फेऱ्या म्हणजे रोजंदारीवरच्या बाईचे दोन दिवसांचे पैसे. रेशन कार्ड चालावं. पिवळं किंवा केशरी असलं की पुरे. पांढरं असलं म्हणून दार बंद करू नका, कारण कार्ड जुनं असतं आणि परिस्थिती आजची. जिथे काम करतात तिथल्या एखाद्या बाईंना फोन करून खात्री करणं सोपं वाटतं, पण ते करू नका. तिच्या कामाच्या ठिकाणी तिची फी हा चर्चेचा विषय होतो. एका पानाचा अर्ज घ्या: घरात कमावणारे किती, साधारण मिळकत, भाडं, कर्जाचा हप्ता, आणि "तुम्हाला महिन्याला किती जमेल?" या शेवटच्या प्रश्नाला लोक फार प्रामाणिक उत्तर देतात. आपण मनात धरलेली सवलत पुष्कळदा त्यांनी मागितलेल्यापेक्षा जास्त निघते.

थैलीला हात लावण्याआधी पालकाला दुसरीकडून काही मिळू शकतं का, तेही बघा, कारण त्यांना ते सांगणारं सहसा कुणी नसतं. आई किंवा वडील ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कामाला असतील, तर पाळणाघराची सोय करणं ही मालकाची जबाबदारी आहे. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. आपल्या लेटरहेडवर फी आणि वेळांचं पत्र देऊन पालकाला एचआरकडे पाठवा. काही कंपन्या पाळणाघराशी थेट करार करतात, काही भत्ता देतात. एकल पालक असतील, किंवा आईवडिलांपैकी कुणी गंभीर आजारी असेल, तर राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना सांगा. तिच्यात मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून तोवरची तात्पुरती सवलत आपण द्यावी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी जवळ चांगली अंगणवाडी असेल, तर सकाळी तिथे आणि दुपारनंतर आपल्याकडे, अशी अर्ध्या दिवसाची फी लावा. तिथे खाऊही मिळतो आणि शिक्षणही, आणि पालकाचा खर्च सवलत न घेता कमी होतो. एक गैरसमज मात्र दूर करते, कारण पालक हमखास विचारतात: आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, २५ टक्क्यांचा कोटा शाळांसाठी आहे. नुसत्या पाळणाघराला त्यातून काही मिळत नाही.

सवलत किती द्यावी? पूर्ण माफी मी शक्यतो देत नाही, पण त्यामागे "फुकटची किंमत नसते" वगैरे विचार नाही. पूर्ण माफीवर असलेली आई तक्रार करायला कचरते. मुलाच्या अंगावर ओरखडा दिसला तरी गप्प बसते, आणि मला ते नको आहे. थोडी का होईना फी भरणारी बाई हक्काने विचारते. म्हणून तीन पायऱ्या ठेवल्यात: पाव, निम्मी आणि पाऊण सवलत. वर आईवडिलांपैकी कुणी गेलं असेल त्या घराला तीन महिने पूर्ण माफी, अर्जाशिवाय. डिपॉझिट मात्र सवलतीवाल्यांकडून अजिबात घेऊ नका. एकरकमी पैसेच नसतात, आणि पुष्कळजणी तिथूनच परत जातात.

निर्णय एकटीने घेऊ नका. दारात उभ्या असलेल्या आईला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणायचं नाही. "अर्ज द्या, शनिवारी कळवते" एवढंच सांगायचं. बरोबर एखादी विश्वासू ताई किंवा बाहेरची बाई घ्या, नावं झाकून अर्ज दोघींनी वाचा. जी गोड बोलते, जी आपल्या गावाकडची आहे, तिच्याकडे मन झुकतं हे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यावर उपाय हाच.

गुप्ततेत जराही ढिलाई नको. पूर्वी कित्येक शाळांत नादारीवाल्या, म्हणजे गरिबीमुळे फी माफ असलेल्या, मुलांची नावं भर वर्गात वाचत. त्या पिढीतली माणसं आज साठी-सत्तरीची झाली तरी ते बोलून दाखवतात. पावती सगळ्यांना एकसारखी द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर "फी बाकी" अशी यादी टाकू नका, आणि कुणाला सवलत आहे ते मावशींनाही सांगू नका. मुलाच्या ताटात, सहलीत, वाढदिवसाच्या टोपीत फरक दिसता कामा नये. एकाला दिली की चौघांना कळतं असं तुम्ही म्हणालात, ते बहुतेक वेळा आपल्याच ऑफिसातल्या वहीतून बाहेर जातं. ती वही कपाटात कुलपात ठेवा.

दुसऱ्या भावंडाला दहा टक्के सूट किंवा वर्षाची फी एकदम भरल्यास एक महिना मोफत, या गोष्टी या थैलीत मोजू नका. त्या गिऱ्हाईक टिकवायच्या सवलती आहेत आणि त्या बहुतांशी ज्यांना परवडतं त्यांनाच मिळतात. तुमच्याकडे पैसे मोजकेच असतील तर आधी त्या बंद करा. मावशींची स्वतःची मुलं आपल्याकडे असतील तर ती सवलत म्हणजे त्यांच्या पगाराचा भाग. ती नेमणुकीच्या पत्रात लिहा, त्यासाठी त्यांना अर्ज करायला लावू नका.

कुणी जुने पालक "एका मुलाची फी मी भरतो" म्हणाले तर जरूर घ्या, पण तुमचं पाळणाघर खासगी व्यवसाय असेल तर त्या पैशांना देणगी म्हणू नका. देणाऱ्याला त्यावर करसवलत मिळत नाही आणि तुमच्या वहीत ते उत्पन्नच असतं. त्यांना हे आधी स्पष्ट सांगा. पैसे थैलीत जातील आणि मुलाचं नाव सांगितलं जाणार नाही, हेही सांगा. एखाद्या कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेले, पैसे हवे असतील तर नोंदणीकृत ट्रस्ट किंवा ना-नफा कंपनी लागते, आणि त्या कंपनीच्याच कर्मचाऱ्यांच्या मुलांची फी त्यातून भरता येत नाही. पंचवीस मुलांसाठी एवढा खटाटोप मी तरी सुचवणार नाही.

नकार द्यावा लागला तर तो लेखी द्या: थैली या वर्षी संपली आहे, तुमचं नाव यादीत अमुक क्रमांकावर आहे, तोवर तारीख आणि हप्ते बदलून देता येतील. फी थकली म्हणून मुलाला सकाळी दारातून परत पाठवायचं नाही, हेही नियमांत लिहून टाका. बोलायचं ते पालकांशी, मूल आत गेल्यावर. दोन महिने थकले की बोलावून घ्यायचं, तीन झाले की एक महिन्याची लेखी मुदत द्यायची, आणि तरी जमलं नाही तर जागा सोडायला सांगायची. आमच्याकडे बोलावून घेतल्यावर बहुतेकांचं काहीतरी जमतंच. तुमचा पहिला मसुदा तयार झाला की इथेच टाका, आकड्यांसकट बघून सांगेन.