‘अकरा टीम्सनी मला सोडलं’

खेळाडूंसोबत काम करताना एक प्रश्न मला सारखा येतो. कधी खेळाडू स्वतः विचारतो, कधी त्याची बायको, कधी आई. दर सिझनला टीम बदलते, कुणीच धरून ठेवत नाही, म्हणजे ह्याच्यात काही कमी आहे का, आणि हे थांबवायचं तरी कधी? एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, परवानगी घेतलीये, आणि नाव मुद्दाम देत नाहीये. (आमचं बोलणं इंग्रजीत, तिथे सगळाच ‘यू’ चा कारभार, इथे मी सरळ ‘तू’ लिहितेय.)

वय ३१, व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा. कॉलेजनंतर एनबीएच्या (अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात, नाव आलं नाही, मग जी लीग (एनबीएचीच खालची लीग), मध्येच एनबीएत थोडंफार, त्यातली एका टीमकडे दहा-दहा दिवसांची दोन कॉन्ट्रॅक्ट्स, मग बाहेरच्या लीग्ज, परत जी लीग, परत बाहेर. नऊ वर्षांत अकरा टीम्स. अशा खेळाडूला जर्नीमन म्हणतात, आपल्या भाषेत विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पहिल्या व्हिडिओ कॉलला त्याच्या मागे भिंतीला टेकवलेल्या दोन मोठ्या बॅगा दिसत होत्या, चेन लावलेल्या. मी विचारलं, कधी आलास इथे? म्हणाला, सात आठवडे झाले.

आणि मग ते वाक्य, “अकरा टीम्सनी मला सोडलं.”

इथे मी एक चूक केली ती आधी सांगून टाकते. मी पटकन म्हटलं, अरे पण म्हणजे अकरा टीम्सनी तुला घेतलं पण ना! तो हसला आणि म्हणाला, “माझा एजंट पण हेच म्हणतो, पण त्याला त्याचं कमिशन मिळतं.” मी गप्प बसले. असली गोड वाक्यं आपण लोकांना फार लवकर देतो, समोरच्याने ती शंभर वेळा ऐकलेली असतात आणि त्याला एवढंच कळतं की ह्यांनाही माझं ऐकायचं नाहीये.

दुसऱ्या सेशनला मी त्याला एक काम दिलं. अकरा टीम्सची नावं लिही, आणि प्रत्येकीसमोर तू तिथून का निघालास ते लिही, पण ‘त्यांना मी नको होतो’ हे कारण चालणार नाही, प्रत्यक्षात काय घडलं ते लिही. त्याला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. चार दिवस लागले, आणि मधे एकदा रात्री मेसेज आला की हे करायची इच्छा नाहीये.

शेवटी जे आलं ते असं. तीन ठिकाणी कोचलाच काढलं होतं आणि नव्या कोचने स्वतःचे गार्ड आणले. एका ठिकाणी पगार तीन महिने थकला म्हणून हाच निघाला. दोन ठिकाणी जास्त पैसे मिळाले म्हणून हा स्वतःच्या पायाने दुसरीकडे गेला (ही दोन नावंही त्याने ‘मला सोडलं’ मध्येच मोजली होती, बोला!). एकदा घोटा दुखावला. एका टीमने जानेवारीच्या सुरुवातीला काढलं, आणि एनबीएमध्ये १० जानेवारीनंतर टीमवर असलेल्या खेळाडूचा उरलेल्या सिझनचा पूर्ण पगार पक्का होतो, म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात अशा बऱ्याच जणांवर कुऱ्हाड पडते. आणि ती दहा दिवसांची कॉन्ट्रॅक्ट्स, ती तर ५ जानेवारीपासूनच देता येतात, एक टीम एका सिझनमध्ये एकाच खेळाडूला अशी दोनच देऊ शकते, तिसऱ्या वेळी एकतर उरलेल्या सिझनसाठी ठेवा नाहीतर सोडा. टीममध्ये नेहमीच्या कॉन्ट्रॅक्टच्या जागा १५. जखमी खेळाडू बरा होऊन परत आला, जागा संपली, विषय संपला.

झाली नऊ. उरल्या दोन, आणि तिथे त्याने स्वतःच लिहिलं होतं, ‘खेळ कमी पडला’. मोठ्या अंगाचे गार्ड स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या राहिलेल्या त्यांच्या सहकाऱ्याच्या) आडून आले की त्याचा डिफेन्स तुटायचा.

मी त्या दोनला हात लावला नाही. ते खरंच होतं, आणि ते खोडून काढायला गेले असते तर बाकीच्या नऊवरचा त्याचा विश्वासही उडाला असता. पण अकरा वेळा नापास झालेला माणूस आणि दोन वेळा कमी पडलेला माणूस, ह्यांना रात्री झोप सारखी लागत नाही. त्या दोनबद्दल कोचशी बोलता येतं, व्हिडिओ बघता येतात, काहीतरी करता येतं. कोच बदलला ह्याचं काय करणार?

बरं, एवढ्याने सगळं सुटलं असं नाही. त्याचा खरा त्रास मला वाटतं टीम सुटण्यात नव्हताच, तो वाट बघण्यात होता. एनबीएमध्ये खेळाडूला सोडलं की ४८ तास तो वेव्हर्सवर असतो, तेवढ्यात दुसरी कुठली टीम उचलू शकते. ते ४८ तास त्याने तीनदा अनुभवलेत आणि तेव्हापासून फोन उशीखाली घेऊन झोपायची सवय लागली ती लागलीच, कॉन्ट्रॅक्ट हातात असतानाही. बाहेरच्या लीग्जमध्ये परदेशी खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट बहुतेक एका वर्षाचं, आणि परदेशी खेळाडू किती ठेवायचे ह्यावर बऱ्याच ठिकाणी मर्यादा, त्यामुळे टीम हरायला लागली की पहिला बदलतात तो इंपोर्ट. म्हणून बॅगा उघडायच्या नाहीत. म्हणून शेजाऱ्याशी ओळख करायची नाही. कशाला, जायचंच आहे.

आम्ही फोनपासून सुरुवात केली कारण ते सोपं होतं. एजंटला सांगितलं की काही असो नसो, रोज एका ठराविक वेळी एकच फोन कर, एरवी नाही. मला वाटलं एजंट वैतागेल, तर त्यालाच हायसं वाटलं म्हणे, कारण हा त्याला दिवसाला आठ मेसेज करायचा. रात्री दहानंतर फोन बायकोकडे. पहिला आठवडा वाईट गेला, नंतर बरी झोप लागायला लागली.

बायको एका सेशनला आली. ती फार बोलली नाही पण एक वाक्य बोलली, “हा रिलीज झाला की मी पण रिलीज होते.” तिने तीनदा नोकरी सोडलीये. आणि त्याला वाटत होतं की तिला त्याने खेळ सोडायला हवाय, ते तसं अजिबात नव्हतं, तिला फक्त हे हवं होतं की दरवर्षी एका ठराविक तारखेच्या आत ठरू दे, म्हणजे मुलाच्या शाळेचं बघता येईल. नऊ वर्षांत हे दोघं ह्यावर एकदाही सरळ बोलले नव्हते, एकमेकांना त्रास नको म्हणून!

आता नातेवाईकांबद्दल. ह्या खेळाडूंना घरचे प्रेरणेच्या गोष्टी पाठवत बसतात. ह्याला भावाने आंद्रे इंग्रॅमचा व्हिडिओ पाठवला होता, दहा वर्षं जी लीगमध्ये काढून १० एप्रिल २०१८ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, लेकर्सकडून एनबीएचा पहिला सामना खेळला आणि १९ पॉइंट काढले. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे. पण हा मला म्हणाला, “हे बघितलं की मला थांबताच येत नाही, वाटतं माझा फोन उद्या येणार असेल तर?” मी म्हटलं, त्याच गोष्टीतलं दुसरं बघ, इंग्रॅम त्या वर्षांत गणिताच्या शिकवण्या करायचा. म्हणजे फोन आला नसता तरी त्याचा दिवस भरलेला होता. व्हिडिओत हे कुणी फार दाखवत नाही.

त्याला स्वतःला आवडायचा तो इश स्मिथ. ड्राफ्ट न झालेला गार्ड, एनबीएमध्ये १३ टीम्सकडून खेळला, तो विक्रम आहे, आणि तेराव्या टीमसोबत म्हणजे डेन्व्हरसोबत २०२३ ला चॅम्पियन झाला. मी विचारलं, त्याचं काय आवडतं तुला? विजेतेपद म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाला, “तो नव्या टीममध्ये गेला की पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे प्ले (ठरलेल्या चाली) त्याला पाठ असणार, नाहीतर तेरा जणांनी घेतलंच नसतं.” मग मी विचारलं, तुला किती दिवस लागतात? जरा थांबून म्हणाला, चार. हे तो अभिमानाने बोललाय असं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला ते त्याच्याकडून यायला हवं होतं, माझ्याकडून नाही.

पैशाचं बोलणं आम्ही उशिरा केलं, खरंतर आधी करायला हवं होतं. एनबीएच्या पेन्शनला किमान ३ सिझनची सर्व्हिस लागते, ती त्याची कधीच झाली नाही, त्यामुळे त्या आशेवर वर्षं मोजण्यात अर्थ नव्हता. बाहेर खेळताना पगार थकणं हे नवीन नाही, म्हणूनच फिबाने (बास्केटबॉलची जागतिक संघटना) २००७ मध्ये जिनिव्हात एक लवाद सुरू केला, पण तिथे जायचं तर कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं कलम लागतं. त्याच्या ज्या क्लबने पगार थकवला, तिथल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ते नव्हतंच, त्याने वाचलंच नव्हतं, सही करायची घाई. आता ठरलंय की ते कलम नसेल तर सही नाही, आणि दोघांनी मिळून ठरवलेल्या तारखेपर्यंत चांगली ऑफर आली नाही तर त्या वर्षी घाबरून मिळेल ते घ्यायचं नाही. कोचिंगचा कोर्सही सुरू केलाय, कुरकुरत.

एक सांगते, हे सगळं त्याला लागू पडलं कारण झोप आणि चिडचिड एवढ्यावरच होतं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, दारू वाढली, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं आलं, तर याद्या-बिद्या करत बसू नका, थेट मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

गेल्या महिन्यात त्याने बारावी टीम घेतली, एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. बॅगांचं मी विचारलं नाही, त्यानेच कॅमेरा फिरवून दाखवलं, एक उघडलीये, दुसरी तशीच. म्हटलं चालेल. पुढच्या सेशन्सच्या तारखा ठरवताना म्हणाला, “जानेवारी-फेब्रुवारीत दोन जास्तीच्या ठेव, तेव्हा इंपोर्ट बदलतात.” ठेवल्यात.