फोटोमागचं ‘ताई आणि मी’: यातला ‘मी’ कोण?

‘आईबाबांचं घर आवरलं तेव्हा जुने फोटो आणि कागद दोन बॅगा भरून सोबत आणले. फोनमधले हजारो फोटो वेगळेच. घराण्याचा इतिहास लिहायचा आहे, पण हात कुठून घालू?’ परदेशात राहणाऱ्या एका वाचक ताईंचा हा प्रश्न.

ताई, स्कॅनर आठवडाभर राहू द्या. आधी फोटो उलटे करून मागचं अक्षर वाचा. ‘ताई आणि मी’, ‘अण्णांसोबत’, ‘काकूंचं नवं घर’. कुणाची काकू? लिहिणारा ‘मी’ कोण? ते अक्षर ओळखणारं माणूस आहे तोवरच याचं उत्तर मिळतं. म्हणून घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला व्हिडिओ कॉल लावा आणि एका बैठकीत दहाच फोटो दाखवा, जास्त झाले की ती माणसं दमतात. ‘हे कोण?’ एवढ्यावर थांबू नका. फोटो कुणी काढला, घर कुणाचं, त्या दिवशी सगळे कशासाठी जमले होते, तेही विचारा. परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा. दोन आत्यांनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा, कुणी कोणतं सांगितलं त्यासकट. पुढे एखादा कागद सापडला की उलगडा होईल.

नावं नोंदवताना बायकांकडे नीट लक्ष द्या, ही कळकळीची विनंती. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही. मग शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि पुढच्या कागदांवरची सून एकच आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. माहेरचं आणि सासरचं पूर्ण नाव एकाच ओळीत लिहा. जुन्या वंशावळींत बहुतेक वेळा फक्त मुलगे असतात. तुम्ही नव्याने मांडताय, तर लेकींना त्यांची जागा द्या.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस ठेवा, जसं ‘१९६२-०५-१४’. फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. साल नक्की नसेल तर ‘अंदाजे’ हा शब्द घालाच, नाहीतर तुमचा अंदाज पुढची पिढी खरी तारीख समजेल. फाइलवर दिसणारी तारीख स्कॅनच्या दिवसाची असते, फोटोची नाही. जुन्या कागदावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा म्हणजे इसवी सन मिळेल. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखांना मात्र ७९ मिळवावे लागतात. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नका. स्वच्छ स्कॅन करून नावात ‘मोडी’ लिहून ठेवा, जाणकाराला पाठवता येईल.

स्कॅन करताना कागदांना ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे ते) पुरतं, छोट्या फोटोंना ६०० घ्या. दोन्ही बाजू स्कॅन करा, कारण पाठीमागचा स्टुडिओचा शिक्काही गाव आणि काळ सांगतो. मूळ स्कॅन टिफ (TIFF) या फाइल-प्रकारात ठेवा, त्यात दर्जा कमी होत नाही. जेपेग (JPEG) फाइल बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी तिचा दर्जा थोडा उतरतो. नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणार असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा दर्जा घसरतो आणि तारखेसारखी आतली माहितीही गळते.

सगळ्याच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. भारतातल्या भावंडाकडे एक हार्ड डिस्क देऊन ठेवलीत तर हे सहज जमतं. पासपोर्ट, आधार कार्ड आणि जमिनीचे कागद मात्र सगळ्यांना खुल्या असलेल्या अल्बममध्ये टाकू नका, त्यांना पासवर्ड असलेला वेगळा फोल्डर करा. आणि हयात माणसांच्या जन्मतारखा ऑनलाइन वंशावळीत भरण्याआधी त्यांना विचारा.