यासुनीसाठी एनर्जी फंड विकू का?

प्रश्न : इक्वाडोरमधल्या यासुनीच्या जंगलातल्या तेलविहिरींबद्दल वाचलं आणि माझ्या एनर्जी फंडाचं वाईट वाटू लागलं. तीन वर्षांपूर्वी एकरकमी ४ लाख टाकले होते, आज ६ लाख झालेत. सगळे काढून ईएसजी फंडात (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून शेअर्स निवडणाऱ्या) टाकू का? मुलीचं कॉलेज दोन वर्षांवर आलंय. – एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : ताई, विका. पण यासुनीसाठी नाही.

तिथल्या ४३ क्रमांकाच्या ब्लॉकमधलं (तेलक्षेत्रातलं) तेल पेट्रोइक्वाडोर ही सरकारी कंपनी काढते. तिचा शेअर बाजारात नाही, त्यामुळे तुम्ही युनिट्स विकून तिला काही फरक पडत नाही. फरक पडला तो मतदानाने. हा वाओरानी आदिवासींचा मुलूख. बाहेरच्यांशी संबंधच नको म्हणणारे तागाएरी आणि तारोमेनाने हे गटही याच जंगलात राहतात. ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी तेल जमिनीतच राहू द्या, असा कौल दिला. पैशाचा मार्ग त्याआधीच चोखाळून झाला होता : २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ म्हणाले, जगाने ३६० कोटी डॉलर द्यावेत, आम्ही तेल काढत नाही. २०१३ पर्यंत हातात पडले जेमतेम १ कोटी ३० लाख. योजना गुंडाळली, २०१६ मध्ये तेल निघू लागलं. कौलानंतरही विहिरी बंद करण्याचं काम रखडतच चाललंय.

मन मानत नाही म्हणून विकणं मला गैर वाटत नाही. मात्र निफ्टीचा इंडेक्स फंड घेतलात तरी रिलायन्स आणि ओएनजीसी घरात येतातच. ईएसजीचंही नुसतं नाव बघू नका, फंड घराण्याने दर महिन्याला जाहीर केलेली शेअर्सची यादी वाचा.

खरी अडचण वेगळीच आहे. दोन वर्षांनी लागणारी फी एकाच क्षेत्राच्या फंडात? कच्च्या तेलाचा भाव पडला की कॉलेज थोडंच थांबणार आहे! म्हणून ईएसजीही नको. हे पैसे एफडीत किंवा अल्प मुदतीच्या डेट फंडात (शेअर्सऐवजी कर्जरोखे घेणाऱ्या) ठेवा.

आता कर. एकदम विकलंत तर नफा २ लाख. त्यातले दर आर्थिक वर्षाला मिळणारे सव्वा लाख माफ, उरलेल्या ७५ हजारांवर साडेबारा टक्के, सेस धरून ९,७५० रुपये. त्याऐवजी निम्मी युनिट्स मार्चअखेरीच्या आत आणि निम्मी एप्रिलमध्ये विका. शेअर्स-फंडांचा दुसरा नफा नसेल तर कर शून्य. विक्रीच्या अर्जात रकमेऐवजी युनिट्सची संख्या भरा, म्हणजे बरोबर निम्मी विकली जातील.