नोड.जेएसमधे (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) बफर घेताना एवढं सांभाळ

अरे, तू त्या जुन्या ट्युटोरियलमधलं न्यू बफर उचललंयस ना (बफर म्हणजे कच्चे बाइट्स ठेवायचा मेमरीचा तुकडा), ते आधी काढ. त्यात स्ट्रिंग (मजकूर) दिली तर स्ट्रिंगचे बाइट्स मिळायचे पण नंबर दिला तर तेवढ्या बाइट्सची मेमरी, आणि नोड ८ च्या आधी ती पुसलेली पण नसायची, म्हणजे युजरने जेसनमधे (रिक्वेस्टमधून डेटा पाठवायचा फॉरमॅट) स्ट्रिंगऐवजी मुद्दाम १००० हा नंबर पाठवला की आधीच्या रिक्वेस्टचा पासवर्डसुद्धा बाहेर जाऊ शकायचा. खरंच भयानक होतं ते.

रिकामा हवा तर बफर.अलॉक वापर, तो शून्यांनी भरून देतो, असलेल्या डेटासाठी बफर.फ्रॉम. बफर.अलॉकअनसेफ मेमरी पुसत नाही म्हणून फास्ट आहे, पण पूर्ण बफर तू लगेच स्वतः भरणार असशील तरच घे. आणि साइज युजरकडून येत असेल तर टाइप आणि कमाल मर्यादा आधी तपासच.