फुकटचे पैसे आणि मनिऑर्डर

तुमचा प्रश्न असा: देशाने सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाचा, म्हणजे कुठलीही अट न घालता प्रत्येकाला दर महिन्याला ठरावीक रोख रक्कम द्यायची, सगळे ज्याला यूबीआय म्हणतात त्याचा, प्रयोग करून बघावा का? आणि जोडीला तक्रार, की लाडकी बहीण आल्यापासून तुमच्या बागेत आंबा काढायला गडी मिळत नाही, मग सगळ्यांनाच पैसे वाटले तर काम कोण करणार?

प्रयोग करावा असंच माझं मत आहे. पण माणसं आळशी होतात का, एवढंच बघायला नको. ते आपल्याला कोकणात राहून कळायला हवं होतं.

मी १९७९ साली पोस्टात लागलो, सिंधुदुर्गात. तेव्हा तो रत्नागिरीतच होता म्हणा. मुंबईत गिरणीचा पगार झाला की आठवड्याभरात मनिऑर्डरींचा गठ्ठा यायचा. वाडीवाडीत जाऊन पैसे मोजून द्यायचे, अंगठा घ्यायचा. घरच्या बाईसाठी तो पैसा दर महिन्याला येणारा आणि कुठलीही अट नसलेलाच होता. त्यातून दुकानाची उधारी फिटायची, पावसाआधी कौलं यायची, लावणीला बैलांचं जोत भाड्याने घेतलं जायचं. पैसे आले म्हणून कोणी लावणीचा तरवा (भाताची रोपं) काढायचा राहिला, असं मी एकदाही बघितलं नाही. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि गठ्ठा बारीक होत गेला. तेव्हा मात्र दुकानदाराची वही जाड झाली आणि काही पोरांची शाळा सुटली.

तुम्ही म्हणाल, मग शेतं पड का पडली? घरातले तरणे हात मुंबईला गेले म्हणून. पैसा येऊन ती पडली नाहीत. आणि गड्यांचं म्हणाल तर बागांत राखणीला नेपाळी माणसं २०२४ च्या, म्हणजे लाडकी बहीण येण्याच्या, कितीतरी आधीपासून आहेत. त्या योजनेचे महिन्याचे १,५०० म्हणजे रोजचे पन्नास रुपये. तेवढ्यावर कोणी दिवसाची मजुरी सोडत असेल, तर आधी मजुरीचा दर बघा. (राग नको, माझीही आंब्याची चाळीस कलमं आहेत.)

शिवाय लाडकी बहीण म्हणजे यूबीआय नव्हे. तिला वय २१ ते ६५ लागतं, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, दारात चारचाकी चालत नाही. सार्वत्रिक म्हणजे बाई-बाप्या, कूळ-बागायतदार, सगळ्यांना सारखं. इथे लोक हटकून विचारतात, श्रीमंताला कशाला? मीही विचारायचो. मग आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचा निराधार योजनेचा अर्ज भरायला बसलो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला हवा. मुलगा मुंबईत, दहा वर्षं फिरकलेला नाही, पण नाव रेशनकार्डावर. त्याचं उत्पन्न धरायचं की नाही, यावर एका कचेरीत चार खेपा झाल्या. म्हातारी पाचव्या खेपेला आलीच नाही.

आणि आपला सातबारा! एका गुंठ्याला पंचवीस नावं, त्यातली निम्मी मयत, उरलेली डोंबिवली-विरारला. पीएम किसानचे वर्षाला ६,००० जमिनीच्या कागदावर चालतात. जो खरोखर कसतो त्याचं नाव कागदावर नसेल, तर त्याला त्यातला रुपया नाही. तौक्ते वादळात झाडं पडली तेव्हाही पंचनाम्यापेक्षा सहहिस्सेदारांची संमतिपत्रं गोळा करण्यातच लोकांचा जीव गेला. सगळ्यांना द्या म्हणण्यात माझ्या लेखी दानशूरपणा कमी आणि हे चाळणं बंद करण्याची सोय जास्त आहे.

आता झालेले प्रयोग. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २,००० बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले. कामाचे दिवस किंचित वाढले, मनाचा घोर बराच कमी झाला. पण फक्त बेरोजगारांना दिलं, मग ते सार्वत्रिक कसलं? आपल्याकडे मध्य प्रदेशात २०११ च्या सुमारास ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलाला १०० रुपये दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. लोकांनी खाण्यावर, जनावरांवर, स्वतःच्या शेतावर खर्च केला. मला सगळ्यांत पटलेला केनियाचा. तिथे काही गावांना बारा वर्षांचा शब्द दिला, काहींना दोन वर्षांचा, काहींना एकरकमी. बारा वर्षं मिळणार हे कळल्यावर लोकांनी चक्क भिशी लावली आणि रकमा एकत्र करून धंद्यात घातल्या. दोन वर्षांवाल्यांना ते तितकं जमलं नाही.

म्हणून आपला प्रयोग दोन वर्षांत गुंडाळायचा असेल तर करूच नका. पुढच्या पावसाळ्यानंतर बंद होणार हे माहीत असलेल्या पैशावर कोणी काजूचं कलम लावत नाही, ते धरायलाच तीन-चार वर्षं लागतात. निवडक घरं नकोत, अख्खा तालुका हवा, तरच दुकानातले भाव आणि मजुरी किती चढते ते दिसेल. एक लाख वस्ती आणि माणशी हजार रुपये धरले तर वर्षाला १२० कोटी. प्रयोगापुरते जमतील. तेच देशभर करायचं तर सुमारे १७ लाख कोटी, म्हणजे केंद्राच्या २०२५-२६ च्या सुमारे पन्नास लाख कोटींच्या अर्थसंकल्पाचा तिसरा हिस्सा. तो एवढ्याशा प्रयोगाने सुटणारा प्रश्न नाही, त्याला कर वाढवावे लागतील नाहीतर दुसरं काही कापावं लागेल.

माझी खरी भीती तिथेच आहे. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत यूबीआयवर अख्खं प्रकरण होतं, आणि त्यातला रोख चालू योजनांच्या जागी ही रक्कम देण्याकडे होता. रेशनचा तांदूळ काढून हातात नोटा दिल्या तर जुलैत घाट बंद पडल्यावर त्या नोटांना तांदूळ कुठल्या भावाने मिळेल? प्रयोगात रेशन आणि रोजगार हमीला हात लावू नये, एवढी एक अट मी घालीन.

आणि पहिला हप्ता जूनमध्ये द्यावा. १ जूनला यांत्रिक होड्या बंद होतात, आंबा संपलेला असतो, शाळेच्या वह्या घ्यायच्या असतात. खलाशाच्या घरात कर्ज निघतं ते त्याच महिन्यात.